कोसमडीहच्या तलावाला वळसा

निघताना आईनं दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पाण्याची बाटली घे, आणि कोसमडीहला थांबू नको.

"सरळ घाटावर जाय, रस्ता पाह्य अन् वापस ये," ती म्हणाली. "त्यायच्या दारात पाय ठिऊ नको. तुहे बाबा गेले त्याले तीन वर्षं झाले, पण त्यायनं एकदा तोंड दाखवलं नाही. मोठे मितान म्हणत होते!"

"नाही थांबत," मी म्हणालो आणि रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या गल्लीतून गाडी बाहेर काढली. कोसमडीहच्या माणसांनी तोंड का दाखवलं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाबा गेल्याचा निरोपच त्यांना मिळाला नव्हता. तो पाठवायचं काम माझं होतं. मी पाठवला नाही, आणि पाठवला असं आईला सांगितलं.

हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्रवासवर्णन लिहिताना माणूस स्वतःला जरा बरा दाखवतो. मलाही ती सवय आहे, पण या लेखात ती उपयोगाची नाही.

प्रवासाचं निमित्त आपल्या मराठी मंडळाचा वार्षिक अंक. संपादक देशकरकाका गेल्या वर्षीच कंटाळून म्हणाले होते, "काश्मीर झालं, केरळ झालं, लोकांचे अमेरिकेतले जावईही पाहून झाले. रायपूर आता राजधानी आहे, जरा आजूबाजूला बघा की! तुम्ही रस्त्याच्या खात्यातले. एखाद्या रस्त्यावरच लिहा." मी खात्याच्या नकाशा शाखेत बसतो. नवं राज्य झाल्यावर जे काही जिल्हा रस्ते बढती मिळून राज्य मार्ग झाले, त्यात एक छोटासा रस्ता होता. मोठ्या महामार्गाला फुटून, धानाच्या शेतांतून महानदीच्या घाटापर्यंत जाणारा. पाऊण तासात संपतो. त्याची फाईल माझ्याच टेबलावरून गेली होती. त्यात 'मार्गाचा पूर्व इतिहास' असा एक रकाना होता आणि मी तिथं 'ग्रामीण मार्ग' एवढे दोन शब्द लिहून मोकळा झालो होतो. हा रस्ता माझ्या बाबांनी बांधून घेतला होता. ते त्यावर ओव्हरसियर होते.

गावाबाहेर पडायला जवळची वाट होती, पण मी बूढ़ापाऱ्याच्या जुन्या वस्तीतून गेलो. तिथल्या तलावाच्या काठच्या गल्लीत आम्ही पूर्वी भाड्यानं राहायचो. त्या घरात आता स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं एक चक्कर मारल्याशिवाय या रस्त्याची गोष्ट सुरू होत नाही, कारण दर वर्षी पौषात त्या घरासमोर कोसमडीहची बैलगाडी उभी राहायची. तिच्यात नव्या दुबराज तांदळाचं पोतं असायचं आणि पोत्यावर बसलेले बाबांचे मितान.

मितान म्हणजे काय, हे विदर्भातल्या वाचकांसाठी सांगतो. छत्तीसगडात दोन माणसं गावासमोर नारळ बदलून मितान होतात. ती नुसती दोस्ती राहत नाही, सोयरीक होते. जगन्नाथपुरीहून आणलेला महाप्रसाद दोघांनी एकमेकांच्या हातून खाल्ला असेल, तर ते जन्मभर एकमेकांना 'महाप्रसाद' म्हणूनच हाक मारतात. नाव कधीच घेत नाहीत. एकाची मुलं दुसऱ्याला फूलददा म्हणतात, त्याच्या बायकोला फूलदाई. आणि एका घरात कोणी गेलं की दुसऱ्या घरातही सुतक धरतात, डोकं भादरतात. माझे फूलददा रस्त्याच्या कामावर मेट (मजुरांच्या टोळीचे मुकादम) होते. बैलगाडीतून उतरले की ते दारातूनच आवाज द्यायचे, "सीताराम, महाप्रसाद!" आणि बाबा दाढीला साबण लावलेला असला तरी तसेच बाहेर यायचे.

महामार्गाला लागलो. नव्या राजधानीच्या पाट्या, नव्या पाट्यांवर नवे बाण, आणि बाणांच्या दिशेनं अजून नुसतीच शेतं. आमचा रस्ता जिथं फुटतो त्या नाक्यावर नवाकोरा पिवळा-पांढरा दगड बसवलाय. मी उतरून त्याचा फोटो काढला. बाजूला गुळगुळीत झालेला जुना दगड गवतात आडवा पडला होता. त्याच्यावर एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता. "कहाँ जाहू, साहेब?" (कुठं जाणार?) त्यानं विचारलं. घाटावर, असं सांगितल्यावर त्याला माझी कीव आली असावी. पौषात घाटावर काय असणार, वाळू!

पण रस्ता सुरेख होता. धान कापून झालेलं. शेतांच्या मेडांवर (बांधांवर) बाभळी, आणि कापलेल्या धानाच्या बुडख्यांमधून तिवरा (लाखोळी) उगवून आलेला, त्याची निळी फुलं रस्त्याच्या काठापर्यंत. नवागाँवात रस्त्यावरच धान वाळत घातलेलं, त्यामुळे राज्य मार्गाची रुंदी अर्धी. मी हळूच एक चाक खाली उतरवलं तर ते मुरमात रुतलं. ज्या बाईचं धान होतं, तिनं आणि तिच्या जावेनं मिळून गाडी ढकलली आणि वर मलाच सुनावलं, "सड़क वाले साहेब अउ गाड़ी चलाय बर नइ आवय!" (सडकेचा साहेब, आणि गाडी चालवता येत नाही!) खात्याचं नाव गाडीच्या काचेवर होतं. मी हसलो. ते हसू सकाळच्या प्रवासातलं शेवटचं निर्मळ हसू होतं, म्हणून नोंदवून ठेवतो.

पुढं एक रपटा लागतो, पावसाळ्यात पाणी अंगावरून जाऊ देणारा ठेंगणा पूल. मग विटांच्या भट्ट्या. मग कउहाच्या (अर्जुनाच्या) झाडांची रांग, आणि तिच्यानंतर कोसमडीह. इथं रस्ता एकाएकी डावीकडं वळतो, तलावाला अर्धा वळसा घालतो आणि पुन्हा सरळ होतो. सपाट मुलखात असं वळण पाहून परका माणूस चक्रावेल. मी चक्रावलो नाही, नजर समोर ठेवली आणि त्या वळणावरून जरा जोरातच गाडी काढली. तलावाच्या काठाला निळ्या चुन्यानं रंगवलेली घरं होती. त्यातलं एक कुठलं, ते न बघताही मला दिसत होतं.

घाटावर खरोखरच वाळू होती. महानदी पार पलीकडच्या काठाला जाऊन पडलेली, मधे पाण्याचे दोन-तीन पट्टे, आणि त्यात कलिंगडाच्या वाड्या लावणारी माणसं. रस्ता वाळूत घुसून संपतो, त्याला शेवटचा दगडसुद्धा नाही. मी शेवेचं पाकीट फोडून खाल्लं, वहीत चार ओळी लिहिल्या आणि लक्षात आलं की लेख होत नाहीये. नदी आहे, शेतं आहेत, रुतलेलं चाक आहे. रस्त्याचा इतिहास मात्र 'ग्रामीण मार्ग' एवढाच आहे. तो पुरा ज्यांना ठाऊक होता त्यातला एक माणूस गेला आणि दुसऱ्याच्या दारावरून मी जोरात गाडी काढली होती.

परतताना वळणावर एक टपरी दिसली. तलावाच्या पाराला (काठाच्या बांधाला) लागून, चार बांबू आणि वर परसाच्या (पळसाच्या) फांद्या. मी स्वतःला समजावलं की टपरी म्हणजे काही कोणाचं दार नव्हे. चहा प्यायचा, टपरीवाल्या माणसाला रस्त्याबद्दल दोन प्रश्न विचारायचे आणि निघायचं. आईला दिलेला शब्दही पाळला जाईल आणि लेखही होईल. अशा पळवाटा शोधण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

टपरीवर एक तिशीतली बाई होती. तिनं चहा दिला आणि न विचारता पानावर गरम फरा (तांदळाच्या पिठीचे उकडलेले मुटके) आणि टमाट्याची चटणी ठेवली. मी म्हटलं, मी रस्त्याच्या खात्यातून आलोय, हा रस्ता पूर्वी कसा होता ते लिहून घ्यायचंय.

"त मोर ससुर ल पूछव न," ती म्हणाली (मग माझ्या सासऱ्यांनाच विचारा की), आणि टपरीच्या मागं तोंड करून तिनं हाक मारली. मागं अंगण होतं, त्याच निळ्या घराचं. अंगणात खाटेवर, उन्हाकडं पाय करून, माझे फूलददा बसले होते.

त्यांनी मला ओळखलं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता, आणि मी तरी कुठं स्वतःचं नाव सांगितलं! "खात्यातले साहेब" एवढ्या ओळखीवर मी त्यांच्यासमोरच्या खाटेवर बसलो, फऱ्याचं पान मांडीवर, वही गुडघ्यावर. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं आता म्हणायला हरकत नाही.

"पहिली ए रद्दा म गाड़ा चलय," त्यांनी सुरुवात केली (आधी या वाटेवर गाडे चालायचे). इतक्या वर्षांनी कोणी सरकारी माणूस हे विचारायला आला याचा त्यांना आनंद झाला होता आणि ते सावकाश, नीट सांगत होते. गाड्यांच्या वाटेला पावसाळ्यात कण्यापर्यंत चिखल. मग एका दुष्काळात राहतचं (मजुरांना पोट भरण्यापुरतं सरकारी) काम निघालं. साऱ्या पंचक्रोशीनं मुरूम खोदला, बायांनी टोपल्यांनी वाहिला, आणि रायपूरहून एक नवा ओव्हरसियर आला. मराठी बोलणारा, बारका, डोक्यावर टोपी. त्याच्या नकाशात रस्ता सुतासारखा सरळ होता आणि तो सरळ रस्ता कोसमडीहच्या तलावाची पचरी (पायऱ्यांचा घाट) कापून जात होता.

"त्या पचरीवरच गावाचं दहाव्याचं नहाण होतं," फूलददा म्हणाले, अर्थात त्यांच्या बोलीत. "आमचे सारे मेलेले तिथून गेलेत. बायका आखणीच्या खुंट्यांवर जाऊन बसल्या. म्हणाल्या, आधी आमच्यावर मुरूम टाका."

ओव्हरसियर तीन दिवस गावात राहिला. कोणाशी भांडला नाही. मोजणीची साखळी घेऊन तलावाभोवती हिंडला आणि चौथ्या दिवशी त्यानं खुंट्या उपटून तलावाला वळसा घालून पुन्हा ठोकल्या. वरच्या साहेबांची नोटीस आली, तिला त्यानं उत्तर दिलं. काय दिलं ते गावाला कधी कळलं नाही, पण रस्ता वळला. त्या उन्हाळ्यात मेट पुरीला जाऊन आला आणि सगळ्या गावासमोर त्यानं ओव्हरसियरच्या हातावर महाप्रसाद ठेवला.

मी लिहून घेत होतो. खरंच लिहून घेत होतो, कारण वर बघायची हिंमत नव्हती. वळणाची ही गोष्ट बाबांनी घरी कधी सांगितली नव्हती.

"मोर महाप्रसाद रइपुर म हे," ते म्हणाले. "बेटा बड़े साहेब हे ओकर. मोर गोड़ पिराथे, नइ जा सकँव. वो सियान होगे होही, वो घलो नइ आ सकय." (माझा महाप्रसाद रायपुरात असतो. मुलगा मोठा साहेब आहे त्याचा. माझे पाय दुखतात, मला जाता येत नाही. तोही म्हातारा झाला असेल, त्यालाही येणं होत नाही.)

शेवटचे ते चौबे कॉलनीत आले होते, तेव्हा आमच्या दिवाणखान्यात माझे दोन वरिष्ठ बसलेले होते. फूलददांनी चपला रस्त्यावरच काढल्या आणि आत येऊन जमिनीवर बसले. वरिष्ठांनी विचारलं, हे कोण? मी म्हणालो, "बाबांच्या टोळीत होते." बाबा तिथंच होते. त्यांनी आपली खुर्ची सोडली आणि खाली महाप्रसादाशेजारी जाऊन बसले. त्याबद्दल ते मला पुढंही कधी बोलले नाहीत, आणि मला त्यांचा रागच आला होता.

इतक्यात मागच्या बाजूनं फूलदाई आल्या. डोक्यावर तिवऱ्याच्या कोवळ्या भाजीची टोपली. त्यांनी ती खाली ठेवली, माझ्याकडं पाहिलं, दोन पावलं जवळ येऊन पुन्हा पाहिलं.

"मन्नू हस न?" त्या म्हणाल्या. (मन्नू ना तू?) मनोहर हे माझं नाव त्यांच्या घरात कधी कोणी पुरं घेतलं नव्हतं.

फूलददा खाटेवरून उठायला लागले. दोन्ही हात पुढं करून ते हसत होते. "मोर महाप्रसाद के बेटा! अउ बतावत घलो नइ हे!" (माझ्या महाप्रसादाचा मुलगा, आणि सांगत पण नाही!) त्यांनी माझं तोंड चाचपलं, कान चाचपले. फूलदाईंनी सुनेला हाक मारून आणखी फरा आणायला सांगितला. आणि मग त्यांनी जे विचारायचं तेच विचारलं.

"तोर बाबू कइसे हे?" (तुझे बाबा कसे आहेत?)

मी हिंदीत बोललो. का ते माहीत नाही. लाज लपवायला माणसाला परकी भाषा बरी पडत असावी. "बाबूजी नहीं रहे, फूलददा. तीन साल हो गए."

टपरीवरच्या सुनेनं डोक्यावर पदर घेतला आणि चूल विझवली. फूलदाई तिथंच खाली बसल्या. फूलददांचा हात माझ्या खांद्यावरून निघाला आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर गेला. पांढऱ्या केसांत बोटं घालून त्यांनी ते मुठीत धरले.

"तीन बछर," ते म्हणाले. "मोर महाप्रसाद गुजर गे, अउ मैं मूड़ म चुंदी राखे बइठे हँव." (माझा महाप्रसाद गेला, आणि मी डोक्यावर केस ठेवून बसलोय.)

मग त्यांनी सुनेला न्हाव्याला बोलवायला धाडलं.

त्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नव्हत्या, म्हणून मी दंड धरून त्यांना पचरीवर उतरवलं. ज्या पचरीसाठी बाबांनी रस्ता वळवला होता, तीच. तिसऱ्या पायरीवर ते बसले. न्हावी आला, त्याला काही सांगावं लागलं नाही. पांढरे केस पायरीवर पडत होते आणि वाऱ्यानं पाण्यावर जात होते. गावातली चार-सहा माणसं वर पारावर येऊन उभी राहिली.

डोकं झाल्यावर न्हाव्यानं वस्तरा पुसला आणि माझ्याकडं पाहिलं. "तुमन?" (तुमचं?)

"मेरा तभी हो गया था," मी म्हणालो.

झालं नव्हतं. बाबा गेले तेव्हा चौथ्या दिवशी राजधानीत रस्त्यांची मोठी बैठक होती आणि नकाशे मला मांडायचे होते. आजकाल एवढं कोणी करत नाही, असं गुरुजींना पटवून मी चार केस कापून निभावलं होतं. न्हाव्यानं मान हलवली आणि वस्तरा पेटीत ठेवला.

फूलददा कमरेइतक्या पाण्यात उतरले. ओंजळीनं तीनदा पाणी सोडलं. प्रत्येक वेळी म्हणाले, "महाप्रसाद." तिथंही त्यांनी नाव घेतलं नाही. गार पाण्यानं त्यांचे खांदे थरथरत होते. मी काठावर बूट घालून उभा होतो. ते काढायचंही मला सुचलं नाही.

वर येऊन अंग पुसल्यावर त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "खबर काबर नइ भेजेस, बेटा?" (निरोप का नाही पाठवलास?)

उत्तर मी तीन वर्षं तयार ठेवलं होतं. गाव लांब, गावात फोन नाही, सुतकात धावपळ. पण ज्या दिवशी बाबा गेले त्या दुपारी खात्याची जीप याच रस्त्यावर मोजणीला निघाली होती. ड्रायव्हर भेटायला घरी आला होता, पायरीवर उभा राहून त्यानं विचारलं होतं, "साहब, उधर कोसमडीह में कुछ खबर देनी है क्या?" त्याला आमचं मितानपण ठाऊक होतं. मी म्हणालो, नाही. निरोप गेला असता तर ट्रॅक्टर भरून कोसमडीह आलं असतं. डोकी भादरलेली माणसं, आक्रोश करणाऱ्या बाया. फूलददा हक्कानं माझ्या शेजारी बसले असते, पार तेराव्यापर्यंत. आणि तेराव्याला नव्या राजधानीतले माझे सगळे साहेब यायचे होते. मला त्या माणसांची लाज वाटली होती. एवढंच खरं कारण आहे, दुसरं कुठलं नाही.

हे सांगायला मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण फूलददाच म्हणाले, "भागदौड़ म भुला गे होबे. अइसन बेरा म कोन ल का सुरता रहिथे." (धावपळीत विसरला असशील. अशा वेळी कोणाला काय आठवतं.)

"हव, फूलददा," मी म्हणालो.

हव, म्हणजे हो. छत्तीसगडी माणूस हा शब्द दिवसातून शंभर वेळा म्हणतो. मी आयुष्यभर रायपुरात राहून फार थोड्या वेळा म्हटला असेल, आणि तो असा खोटा वापरला.

निघताना फूलदाईंनी पेटीतून एक कोरं लुगडं काढलं. जाडं, पांढरं, रुंद लाल काठाचं. मितान गेला की त्याच्या बायकोला लुगडं द्यायची रीत आहे. ते गाडीच्या सीटवर ठेवून त्या म्हणाल्या, "मितानिन ल देबे. कहिबे, हमन ल पता नइ रहिस." (मितानिनीला, तुझ्या आईला दे. सांग, आम्हाला माहीत नव्हतं.) फूलददा भादरलेल्या डोक्यानं रस्त्यापर्यंत चालत आले, दुखऱ्या पायांनी, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. मी आरशात बघत होतो. वळण असल्यामुळं ते लवकर दिसेनासे झाले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहितो.

परतीच्या वाटेचं वर्णन करण्यासारखं काही नाही. नवागाँवात धान गोळा करून झालं होतं, रस्ता मोकळा होता. नाक्यावरच्या दगडापाशी मी गाडी थांबवली आणि बराच वेळ बसून राहिलो. लुगडं देऊन निरोप गाळावा असा विचार मनात आला. लुगडं बाजारातून आणलं म्हणून सांगावं, असाही आला. सदर बाजारात असली लुगडी मिळतात. शेवटी तंबाखूवाला म्हातारा जवळ येऊन विचारायला लागला की बरं नाही का, तेव्हा गाडी सुरू केली.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा आई दिवा लावत होती. माझ्या हातातलं लुगडं पाहून म्हणाली, "थांबला होता न?"

"हो. फूलदाईंनी दिलं."

तिनं ते उलगडलं, काठावरून हात फिरवला. तिला रीत ठाऊक होती. "आता काहून दिलं?" ती म्हणाली. "तीन वर्षांनं?"

"त्या म्हणाल्या, त्यांना माहीत नव्हतं."

"तू निरोप धाडला होता न?"

"नाही, आई."

"अन् त्यायले काय सांगितलं?"

"विसरलो म्हणून."

"विसरला होता का?"

"नाही."

आईनं लुगड्याची घडी पुन्हा केली, हळूहळू, चारी टोकं जुळवून. "तीन वर्षं मी त्या माणसाले बोल लावून राहिली," ती म्हणाली. "तू समोर बसून आयकत होता."

रात्री ती जेवली नाही. सकाळी मी लेखाचे कागद घेऊन बसलो होतो, रुतलेलं चाक आणि तिवऱ्याची फुलं नीट मांडत होतो, तेव्हा ती मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "हे बी लिही. तेराव्याले जे जेवाले आले होते, त्यायले समजू दे. अन् मग मले कोसमडीहले घेऊन चाल. तिथं तू तोंडानं सांगशील, माह्यासमोर."

तुमच्यापैकी बरेच जण त्या तेराव्याला होतात. पंगत चांगली झाली, सारं कसं नीटनेटकं झालं, असं जाताना मला म्हणाला होतात. ते नीटनेटकेपण कशामुळं होतं, ते आता तुम्हाला कळलं. फूलददांना मात्र यातलं अक्षरही वाचता येणार नाही. मराठी अंकात मराठी माणसांपुढं कबुली देणं त्या मानानं सोपं आहे. तोंडानं, त्या अंगणात, त्या भादरलेल्या डोक्यासमोर सांगायचं अजून बाकीच आहे.

आई त्या दिवसापासून तेच लुगडं नेसते. जाडं, पांढरं, रुंद लाल काठाचं. देवळात तेच, शेजारी हळदीकुंकू असलं तर त्यांच्या दारापर्यंतही तेच. कॉलनीतल्या बाया विचारतात, हे कुठलं, तर सांगते, "माह्या मितानिनीनं दिलं." रोज सकाळी आंघोळ करून, ते नेसून, पाण्याची बाटली भरून ती दाराशी येते आणि विचारते, "जाऊन राहिलो का आज?"

लेख लिहून झाला की जाऊ, असं मी तिला सांगत आलोय. लेख इथं संपला.